पडद्याकडे पाठ

या हिवाळ्यात आमच्या नीरजनं आम्हा दोघांना गाडीत बसून सिनेमा दाखवायला नेलं. चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे एका रिकाम्या मैदानावर कुणीतरी मोठा पडदा लावला होता. मोटारी रांगेनं उभ्या करायच्या, आवाज गाडीतल्या रेडिओवर ऐकायचा. पोरगं खूश होतं. "आई, तू सांगतेस ना वैरागच्या तंबूचं, बैलगाडीत बसून बघायचात ते? हे तसंच."

तसंच नव्हतं. आत शिरल्या शिरल्या मी आधी बाहेर पडायची वाट शोधली. सगळ्या मोटारींची तोंडं पडद्याकडे. रांगेला रांग चिकटलेली, आणि बाहेर पडायला पत्र्याच्या कुंपणात एकच फाटक, त्यातही खाण्याची हातगाडी घातलेली. कोपऱ्यात जनरेटर धडधडत होता. मी नीरजला म्हटलं, "गाडी उलटी लाव. तोंड बाहेर."

"मग सिनेमा आरशात बघायचा का?"

"मागचं दार उघडून मागं बसू. पण तोंड बाहेर."

हे म्हणाले, "हिचं काहीतरी असतंच." नीरज हसला, पण त्यानं गाडी वळवायला घेतली. मागच्याचा हॉर्न सुरू झाला. मी खाली उतरले. गाडी मागं येत होती आणि माझा हात आपोआप वर गेला, डिकीच्या पत्र्यावर मारायला. तो मी हवेतच धरला. शाळकरी वयापासून मी कुठल्याही गाडीवर हात मारलेला नाही.

सिनेमा काय होता ते मला सांगता येणार नाही. मी सगळा वेळ फाटकाकडे बघत होते. आणि घरी आल्यावर ठरवलं की हसनचाचांबद्दल आता लिहायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, होते तोवर ते लिहिता येत नव्हतं. मागच्या वर्षी ते गेले.

वैरागला दिवाळीनंतर टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा तो पाऊसकाळ जवळ आला की उठायचा. मालक बार्शीला राहायचे, तंबूचे मॅनेजर अण्णा. छप्पर पुढच्या निम्म्या भागालाच होतं. तिथं लोक वाळूवर बसत. मागं उघडं मैदान, त्याला गाडीतळ म्हणत. आजूबाजूच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून यायचे, पुढं पुढं ट्रॅक्टरही यायला लागले. गाडीत वाकळ टाकायची, पोरं मध्ये घ्यायची, भाकरीचं गठुडं सोडायचं आणि गाडीतूनच सिनेमा बघायचा. आज मी डोळे मिटले की पहिल्यांदा आठवतो तो बैलांच्या रवंथाचा आवाज. नायिका रडत असायची आणि मागून शंभर तोंडं संथपणे चघळत असायची.

या गाडीतळाचं सगळं हसनचाचांकडे होतं.

ते मूळचे सोलापूरचे. ट्रकवर क्लीनर होते, मग एकाएकी ते काम सोडून वैरागला आले. का सोडलं, याच्या गावात तीन-चार गोष्टी होत्या. कुणी म्हणे घाटात गाडी गेली, कुणी म्हणे कुठल्याशा तंबूला आग लागली त्यात ह्यांचं माणूस होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वो बात नक्को, बेटी," आणि उठून एका बैलाचं दावं उगीचच सोडून परत बांधलं. अंगानं काटकुळे, गळ्यात पंचा, पण तळवे मात्र भाकरीएवढे. अंगापेक्षा हातच आधी दिसायचे.

त्यांचे नियम दोन. एक, प्रत्येक गाडीची पाठ पडद्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. दोन, पडद्यापासून रस्त्यापर्यंत मधोमध एक वाट मोकळी, बैलजोडी जुंपलेली गाडी पळत जाईल एवढी. त्या वाटेत पोतं ठेवायचं नाही, शेंगावालीनं टोपली ठेवायची नाही, पोरानं लघवीलासुद्धा बसायचं नाही. कुणी बसलंच तर चाचा बॅटरीचा झोत थेट तोंडावर मारायचे आणि तो उठेपर्यंत काढायचे नाहीत.

"चाचा, ही वाट कुणाच्या वरातीला ठेवलीय?" लोक विचारायचे.

"तुम्हारेच," म्हणायचे. हसायचे नाहीत.

गावचे सरपंच एकदा नवी जीप घेऊन आले आणि थेट पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. चाचा जीपच्या पुढ्यात जाऊन उभे. "साब, उलटी."

"आरं मी सरपंच हाय."

"हौ साब. आग को मालूम नै ना."

सरपंचांनी अण्णांना बोलावलं. अण्णा दोघांच्या मध्ये उभे राहून घाम पुसत होते. शेवटी सरपंचांच्या बायकोच म्हणाल्या, "वळवा की हो, जीपची पाटी दाखवायला आलाव का शिनेमा बघायला?" जीप वळली. सरपंच खेळभर मान मागं वळवून बसले आणि दुसऱ्या दिवशी मानेला शेक देत होते, असं गावात बोललं गेलं.

ती वाट एकदा खरंच उपयोगाला आली. शेतातल्या वस्तीवरची एक बाई पोटुशी होती, दिवस भरत आले होते, तरी सिनेमाला आलेली. मध्यंतराच्या आधीच कळा सुरू झाल्या. सासू ओरडली तेव्हा आमची बैल शोधायला पळापळ. पण चाचांनी गाडीचं जू उचललं, बैल समोरच बांधलेले, तोंड रस्त्याकडे. ती गाडी त्या वाटेनं अशी गेली की पडद्यासमोर बसलेल्यांना कळलंही नाही. मुलगी झाली. तिच्या बारशाला चाचांना जेवायला बोलावलं होतं. ते गेले नाहीत. म्हणाले, संध्याकाळी गाड्या येतात.

त्यांनी एकही सिनेमा बघितला नाही. ते खेळभर पडद्याकडे पाठ करून, वाटेच्या तोंडाशी उभे असायचे, लोकांकडे बघत. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला सिनेमा आवडत नाही?"

"देखता ना. तुम्हारे मुँह पे देखता. कल तू किस टैम रोई, बोलू क्या?"

आणि त्यांनी बरोबर सांगितलं.

अधूनमधून ते मान वर करून हवेचा वास घ्यायचे. कुत्रं घेतं तसा. "आज हवा ठीक नै," म्हणायचे. हे ते इतक्या वेळा म्हणायचे की कुणी मनावर घेत नव्हतं. बिडी ओढणारे तेवढे वैतागायचे, कारण मग चाचा बिड्या विझवत फिरायचे. मी मात्र ते वाक्य ऐकलं की वळून वाट मोकळी आहे का बघायची. त्यांच्या आजूबाजूला असलं की सारखं वाटायचं, काहीतरी होणार आहे आणि ते कुठून येणार एवढंच ठरायचं बाकी आहे.

शाळा सुटली की मी तंबूवर. आईला आवडायचं नाही, पण अण्णा म्हणायचे, राहू दे, हसन आहे. चाचा मला गाडीचं काम शिकवायचे. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. जनरेटरच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. तेव्हा क्लीनर ट्रॉलीच्या पत्र्यावर तळहात मारतो. दोन ठोके म्हणजे ये, मागं ये, वाट मोकळी आहे. एक ठोका म्हणजे थांब. एवढंच. वैरागच्या पंचक्रोशीतले सगळे ड्रायव्हर चाचांच्या हातावर गाडी आणायचे, मान वळवूनसुद्धा बघायचे नाहीत.

तंबूच्या मागं रिळांची रिकामी पत्र्याची पेटी होती, तिच्यावर मी सराव करायची. चाचा डोळे मिटून ऐकायचे. "कच्चा हात हे. दिल में शक हे तो मत मार. देख बेटी, मुँह झूट बोलता. सबका बोलता. हात नै बोलना. हात झूट बोल्या तो आदमी मरता."

मला त्या वेळी आपण फार मोठ्या झालो असं वाटायचं.

आता ते सांगते.

बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गर्दी फार. दिवस मावळला होता, पहिला खेळ सुरू व्हायचा होता. गाडीतळ भरलं, फक्त पार टोकाला बाभळीपाशी जागा उरली होती. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला दोन बैलांची झुंज लागली. चाचा तिकडं धावले. जाताना मला वाटेच्या तोंडाशी उभं केलं. "इधरीच खडी रै. कोई आया तो मेरेकू आवाज दे."

मी उभी राहिले. आणि आमच्या मामाचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मामी, मामेभावंडं, शेजारपाजार. मामाचा ड्रायव्हर भीमा, त्यानं ट्रॅक्टर वळवून ट्रॉलीची पाठ वाटेच्या तोंडाला आणली आणि सीटवरूनच ओरडला, "चाचा, येऊ का मागं?"

धूळ होती, अंधार होता. त्याला मी दिसत नव्हते. ट्रॉलीतून सुशी, माझी मामेबहीण, वाकून म्हणाली, "अगं, हितनंच आत घ्या की. पार पडद्यापशी. तू बी ये वर."

बाभळीपाशी गेलं की पडदा पोस्टकार्डाएवढा दिसायचा. सुशीकडे नवीन वाकळ होती, शेंगांचे लाडू होते.

मी ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन ठोके मारले.

भीमानं मान वळवली नाही. ट्रॉली मागं यायला लागली. मी तिच्याबरोबर चालत होते, मध्येच परत दोन ठोके. पडदा जवळ आला तेव्हा एक ठोका. ट्रॉली जागच्या जागी थांबली. इतकी सरळ लावली होती की चाचांनी बघितलं तर शाबासकी देतील, असं मला त्या क्षणी वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

लगेच दिवे मालवले, खेळ सुरू झाला. भीमा भज्यांच्या गाडीकडे गेला. मी सुशीच्या वाकळेत शिरले. थोड्या वेळानं बॅटरीचा झोत ट्रॉलीवरून फिरला. चाचांचा आवाज आला, "किसने बुलाया गाडी?" मामी म्हणाली, "तुमीच की. थापा ऐकल्या की भीमानं." झोत वाकळेवर येऊन थांबला. मी वाकळ डोक्यावरून ओढून घेतली. नंतर ते "भीमा, ए भीमा" करत पळत गेलेले ऐकू आले.

भीमा यायच्या आत जनरेटरनं पेट घेतला.

आग एवढीशी होती. डिझेलनं भिजलेलं एक पोतं पेटलं, ते दोघांनी वाळू टाकून विझवलंही. पण पडदा काळा झाला, धूर आला, आणि कुणीतरी "आग" म्हणून ओरडलं. चाचांनी शिकवलं होतं तसं सगळ्यांनी केलं. बैल जुंपले, वाटेकडे वळले. वाटेत आमची ट्रॉली. पहिली गाडी थांबली, तिच्यावर दुसरी आली. बैल बिथरले. ट्रॉली हलायला लागली, पोरं रडत होती, आणि त्या सगळ्यात मला चाचांचा हात ऐकू येत होता. ट्रॉलीच्या पत्र्यावर एक ठोका. परत एक. परत एक. थांबा, थांबा, थांबा. मग एक बैलगाडी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, येऊन आदळली आणि ठोके बंद झाले.

गॅसबत्ती आणली तेव्हा दिसलं. एका बैलाचा पाय मोडला होता. चाचांचा उजवा हात चाकाची लोखंडी धाव आणि ट्रॉलीचा फाळका यांच्या मध्ये होता. ते ओरडत नव्हते. ते म्हणत होते, "बच्चे उतारो. पहले बच्चे उतारो."

घरी गेल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. म्हणाले, "आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"झोप. सकाळी मी बघतो."

सकाळी मालक बार्शीहून आले. तंबूपुढं गाव जमलं होतं. बैलवाला रडत होता, कारण बैल ठेवता येणार नव्हता. चाचांना बार्शीच्या दवाखान्यात न्यायला जीप यायची होती, तोवर ते एका पेटीवर बसले होते, सरावाच्या त्याच पेटीवर. हात पंच्यात गुंडाळलेला, पंचा पूर्ण काळा झालेला.

मालकांनी विचारलं, "वाट कुणी अडवली?"

भीमा म्हणाला, "मला दोन ठोकं आलं, मालक. मी आलो. चाचाच्या हातावर आमी डोळं झाकून येतो."

सगळे चाचांकडे बघायला लागले. गाडीतळावर दुसरं कोण ठोके देणार? मी अण्णांच्या मागं उभी होते, त्यांच्या सदऱ्याला धरून. अण्णांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता सांगणार. इतकं बरं वाटलं की मी सदरा सोडला.

अण्णा म्हणाले, "हसन, तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

चाचांनी अण्णांकडे बघितलं. मग त्यांच्या बाजूनं जरासं वाकून माझ्याकडे बघितलं. लोक सिनेमा बघताना ते त्यांच्या तोंडाकडे बघायचे, तसंच. मग म्हणाले, "गलती हुई, मॅनेजर साब. मैंच बुलाया."

बैलवाला त्यांच्या अंगावर धावून गेला. लोकांनी त्याला धरलं, पण कुणीतरी मागून म्हणालंच, "दुसऱ्यांस्नी लई शानपन शिकवत हुता." जीप आली. चाचांना धरून बसवलं. जीप तोंड बाहेर करूनच उभी होती.

हात मनगटापासून काढावा लागला. चाचा वैरागला परत आले नाहीत. पुढच्या हंगामात तंबू परत लागला, पण वाट कुणी राखली नाही, आणि गंमत अशी की काहीही झालं नाही. नंतर घरोघर टीव्ही आले आणि तंबूच गेला. मात्र वैरागला म्हातारी माणसं अजून ती गोष्ट सांगतात. एका बेफिकीर माणसानं वाट अडवली आणि कसा हात घालवून बसला, अशी. मी माहेरी गेल्यावर ती गोष्ट ऐकलेली आहे, ताटावर बसून, भाकरी मोडत. अण्णाही शेजारी बसलेले असायचे. आम्ही दोघं त्या विषयावर परत कधी बोललो नाही. अण्णा चांगले होते. माझ्यासाठी केलं, आणि नोकरीसाठीही केलं. त्यातलं किती कशासाठी, ते मला ठरवता येत नाही.

त्या मैदानावरच्या सिनेमानंतर मी कुंभारीला गेले. चाचांचं घर तिथं कामगारांच्या वसाहतीत आहे, एवढं मला कळलेलं होतं. सून दारात आली. म्हणाली, "अब्बा तो गुजर गए. बरसात में." मला आत बसवलं. मी कोण, हे विचारायच्या आधी चहा ठेवला. भिंतीवर फोटो होता, त्यात उजवी बाही पाठीमागं घेतलेली.

"वैरागची आहे मी. तिथं होते ते, लहानपणी."

"हौ, बोलते थे. उधरीच हात गया उनका. अपनी गलती से गया, बोलते थे. मेरे मर्द कू बचपन से येच सुनाया, की बेटा, ध्यान रख, मेरे जैसी गलती नक्को कर."

म्हणजे घरातसुद्धा. स्वतःच्या मुलालासुद्धा.

मी तिला सांगितलं. सगळं, वाकळेसकट, अण्णांसकट. ती गॅसजवळ उभी राहून ऐकत होती. चहा उतू गेला तेव्हा तिनं गॅस बंद केला. फडक्यानं ओटा पुसला. मग माझ्यापुढं कप ठेवला आणि म्हणाली, "अब किसकू बोलने आए तुम?"

मी कप जवळ ओढून घेतला.

"मेरा मर्द आयेगा शाम कू. उसकू बोलूँगी मैं. तुम चाय पियो और जाओ."

मी चहा प्यायले आणि आले. तिच्या नवऱ्याचा फोन येईल म्हणून नंबर ठेवून आले होते. आलेला नाही. वैरागलाही जाऊन सांगायचं आहे, तंबूच्या जागेपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना. त्याआधी हे लिहिलं.

चाचांना जिवंतपणी मी शेवटचं बघितलं ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. चार-पाच वर्षं झाली असतील. नात्यातलं लग्न होतं, अण्णांना मागच्या सीटवर बसवून मीच गाडी चालवत नेली होती. जेवणं झाल्यावर बाहेर आलो आणि माझे पाय थबकले. आवारातल्या सगळ्या मोटारींची तोंडं रस्त्याकडे होती. मधोमध एक रुंद वाट, झाडल्यासारखी मोकळी. आम्ही उशिरा आलो होतो, त्या गडबडीत लावलेली माझी एकटीची गाडी भिंतीकडे तोंड करून होती.

अण्णांना बसवलं, गाडी मागं घ्यायला लागले. डिकीवर एक ठोका.

मी ब्रेक दाबला. मागून एक पोरगं फुगा धरत पळत गेलं. आरशात पांढरी दाढी दिसली, खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि मनगटाशी गाठ मारलेली उजवी बाही. ते मागच्या खिडकीपाशी आले, वाकले.

"सलाम, मॅनेजर साब. तबियत ठीक?"

अण्णा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. म्हणाले, "गाडी काढ."

चाचा सरळ झाले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. काच बंद होती. काच खाली करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, घाई न करता, जसे तंबूत बघायचे. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंत चुन्यानं नवीन रंगवलेली होती.

मग ते मागं गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मान वर करून हवेचा वास घेतला. आणि डाव्या हातानं डिकीवर दोन ठोके दिले.

वाट मोकळी होती. मी गाडी काढली.